पत्रा फाटतो नाकाशी, दुखणं असतं काठाला: पातळ पत्र्याचा डीप ड्रॉ सुधारताना

डीप ड्रॉ म्हणजे सपाट पत्रा पंचाने (ठोकळ्याने) डायच्या (साच्याच्या) भोकात ढकलून त्याचा कप ओढायचा. पार्टीचा फोन येतो, "०.८ ऐवजी ०.६ चा पत्रा लावा, वजन उतरवायचंय." आपण म्हणतो, लावू की. डाय तीच, प्रेस तोच, पत्रा तेवढा बदलायचा. मग पहिल्या तासाभरात स्क्रॅपची पेटी भरते. मोटरच्या पंख्याच्या अर्ध्या कव्हरांना चुण्या, उरलेल्यांचा तळ टोपीसारखा सुटून पंचावर बसलेला. चुण्या घालवायला पॅड (पत्र्याचा काठ दाबून धरणारी रिंग) आवळला की तळ निघतो, तळ वाचवायला पॅड सैल केला की चुण्या.

किर्लोस्करवाडीपासून मिरज-कुपवाडपर्यंत आपल्या सांगलीच्या पट्ट्यात पंप आणि मोटरचं काम भरपूर. त्यामुळे मोटरच्या पंख्याची कव्हरं ओढणारी शॉपही बरीच. कुपवाड एमआयडीसीतलं आमचं त्यातलंच एक. उदाहरण म्हणून तेच कव्हर घेतो: व्यास १३० मिमी, उंची ६५ मिमी, तळाची गोलाई ६ मिमी. हिशोब एका कव्हराचा असला तरी रीत कुठल्याही गोल कपाला लागू पडते.

आधी मोदक बघा

उकडीच्या मोदकाची पारी हातावर घेऊन वाटी करायला लागलं की काठाला कळ्या पडतात, कारण मोठा घेर लहान घेरात बसवायचा असतो आणि जादा माल कुठंतरी जायलाच हवा. पत्र्याचं तेच. २३० मिमीचा ब्लँक, म्हणजे कापलेली गोल चकती, १३० च्या भोकात जाताना काठाचा घेर जवळजवळ निम्म्यावर येतो. जादा माल एक तर जाडीत गेला पाहिजे आणि उंचीत चढला पाहिजे, नाहीतर त्याची चुणी होते. मोदकाला कळ्या हव्यात, कव्हराला नकोत, म्हणून आपण काठावर पॅड दाबतो.

आता काठ आत ओढतो कोण? पंच काठाला हातही लावत नाही. तो फक्त तळ ढकलतो, आणि सगळी ओढ कपाच्या भिंतीतून काठापर्यंत पोचते. त्या साखळीतली सगळ्यात अशक्त कडी म्हणजे पंचाच्या नाकाच्या, म्हणजे टोकाच्या कडेच्या, गोलाईवरचा पत्रा. तो वाकतो, ताणला जातो, पातळ होतो. काठ सरकायला जड झाला की तुटते ती हीच कडी. म्हणून फाटलेल्या जागेकडे बघून पंच घासत बसण्यात अर्थ नसतो. नव्वद टक्के वेळा दुखणं वर काठाला, डायच्या तोंडाशी किंवा पॅडखाली असतं.

सुधारणेची सगळी कामं शेवटी या दोनच गोष्टींत बसतात: काठ लोण्यासारखा सरकू द्यायचा, आणि नाकावरचा पत्रा पंचाला घट्ट धरून ठेवायचा.

स्क्रॅपची पेटी उलटी करा

फेकण्याआधी दहा-पंधरा कप जमिनीवर मांडा. तळ सगळीकडून सारखा सुटला असेल आणि तोही थोड्याच खोलीवर, तर काठ अडकलाय: पॅड जास्त, तेल कमी, डायची गोलाई बारीक किंवा मुळात प्रमाणच झेपत नाही. एकाच बाजूला फाटलं असेल तर पत्र्याला शिव्या देऊ नका. पॅड तिरका बसतोय, ब्लँक मधोमध नाही किंवा पंच डायमध्ये एका अंगाला आहे. चुण्या सपाट काठावर असतील तर पॅड कमी पडतोय. काठ स्वच्छ आणि भिंतीत मात्र उभ्या चुण्या असतील तर डायची गोलाई किंवा क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) मोठा आहे. पॅड कितीही आवळा, त्या जाणार नाहीत. तोंडाला चार ठिकाणी कान (वर चढलेली टोकं) आले असतील तर तो पत्र्याचा स्वभाव, त्याचं पुढे बघू.

हिशोब: ०.६ ने काय बिघडवलं

ट्रिमिंगसाठी चार मिमी धरून उंची ६९ घेऊ. ब्लँकचा व्यास काढायची रीत अशी: कपाच्या व्यासाचा वर्ग, अधिक व्यास गुणिले उंची गुणिले चार, आणि सगळ्याचं वर्गमूळ. १६९०० अधिक ३५८८० म्हणजे ५२७८०, त्याचं वर्गमूळ २३० च्या आसपास. ब्लँक भागिले कप म्हणजे १.७७, हे आपलं ड्रॉचं प्रमाण.

एका दमात २ पर्यंत ओढता येतं असं सगळीकडे ऐकायला मिळतं. ते जाड पत्र्याचं. जाडी भागिले ब्लँकचा व्यास हा आकडा दीड-दोन टक्क्यांच्या घरात असेल तर २ चं प्रमाण जमतं. तो ०.३ ते ०.६ टक्क्यांवर आला की पहिल्या ड्रॉची हद्द साधारण १.७२ ते १.८२ राहते, आणि ०.३ च्याही खाली गेला की १.६७ ते १.७२. आपल्या कव्हरात ०.८ चा पत्रा होता तेव्हा हा आकडा ०.३५ टक्के होता, म्हणजे १.७७ हद्दीच्या आत. ०.६ लावला आणि तो ०.२६ वर आला, म्हणजे तेच १.७७ हद्दीबाहेर. डाय बिघडली नाही, सेटरही चुकला नाही. पार्टीने पत्र्याबरोबर आपली सगळी शिल्लक काढून घेतली, आणि ती आता दुसरीकडून भरून काढायची आहे.

हा हिशोब कोटेशन देण्याआधी करायचा असतो, हे मी दोनदा नुकसान सोसून शिकलो.

पत्रा

सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घेताना नुसतं "ड्रॉइंग क्वालिटी" म्हणू नका. आयएस ५१३ या भारतीय मानकातल्या सीआर-३ ला बाजारात डीडी (डीप ड्रॉइंग) म्हणतात, सीआर-४ ला ईडीडी (एक्स्ट्रा डीप ड्रॉइंग), आणि सीआर-५ म्हणजे आयएफ पत्रा, ज्यात मोकळा कार्बन-नायट्रोजन राहत नाही. वरच्यासारखं हद्दीबाहेरचं काम असेल तर ईडीडीच्या खाली उतरू नका, शक्यतो आयएफ घ्या. फरक कशाने पडतो ते समजून घ्या, मग जास्तीचे पैसे टोचत नाहीत.

पत्र्याची पट्टी ओढली की ती लांब होते, आणि तेवढी रुंदीतून किंवा जाडीतून आकसते. रुंदीतली आकस भागिले जाडीतली आकस म्हणजे आर-व्हॅल्यू. आर १ च्या वर असेल तर पत्रा जाडीत चोरत नाही, नाकावर टिकतो. चांगल्या आयएफ पत्र्याची सरासरी आर १.८ च्या आसपास किंवा वर असते, ॲल्युमिनियमची १ च्या खाली. दुसरा आकडा एन-व्हॅल्यू: ताणलेली जागा किती लवकर कडक होऊन ताण शेजारी ढकलते त्याचं माप. खोल ओढायला आर महत्त्वाची, घुमटासारखं फुगवायला एन. मिल सर्टिफिकेटवर दोन्ही नसतील तर मागा.

आम्हाला एका व्यापाऱ्याने डीडी म्हणून साधा पत्रा दिला होता. कागद बरोबर, कॉइल दुसरीच. तेव्हापासून प्रत्येक लॉटची एरिक्सन टेस्ट करतो. २० मिमीचा गोळा पत्र्यात दाबत जायचा आणि चीर पडेपर्यंत किती मिमी गेला ते वाचायचं. ही टेस्ट ताणाची आहे, ओढीची नाही, त्यामुळे ती आर-व्हॅल्यूची जागा घेत नाही. पण हा लॉट मागच्या लॉटसारखा आहे का, ते पाच मिनिटांत सांगते. फुगलेला घुमट संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत दिसला तर दाणा मोठा आहे. असं कव्हर पेंटखालीही तसंच दिसतं.

आणखी एक, पत्रा शिळा होतो. ईडीडीपर्यंतचे साधे ग्रेड मिलमध्ये हलकासा स्किन पास (शेवटचं हलकं रोलिंग) देऊन येतात. गोडाऊनमध्ये महिनोन् महिने पडले, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे आणि वर तापलेलं पत्र्याचं छप्पर, की त्यांच्यातला कार्बन आणि नायट्रोजन परत जागा धरतो. मग ओढताना पृष्ठभागावर गांडुळं फिरल्यासारख्या रेषा उमटतात. उपाय दोन: जुना माल आधी वापरा, आणि शंका असली तर ओढायच्या थोडं आधी रोलर लेव्हलरमधून काढा. आयएफ पत्र्याला हा रोग नाही.

ब्लँक

बर (कापलेल्या कडेला उठलेली धार) आली असेल तर ती पंचाच्या बाजूला ठेवा. डायच्या बाजूला ठेवली तर डायच्या तोंडावर कानशीच फिरते. बर जाडीच्या दहा टक्क्यांवर गेली की कटिंग टूल धारेला लावायची वेळ झाली.

ट्रिमिंगचा माल जास्त ठेवायचा मोह आवरा. ब्लँक २३० चा २२८ केला तर प्रमाण १.७७ वरून १.७५ वर येतं. दोन मिमीत इतका फरक पडतो! पण कान मोठे येणारा पत्रा असेल तर हे परवडत नाही, कारण कानांमधल्या खळग्यात उंची कमी भरते. कान येतात ते रोलिंगच्या दिशेला, आडव्या दिशेला आणि ४५ अंशांत पत्र्याचा स्वभाव वेगळा असतो म्हणून. त्याला पत्राच बदलावा लागतो, डाय घासून काही होत नाही.

डाय आणि पंच

डायच्या तोंडाची गोलाई काढायला सोपी रीत: ब्लँकच्या व्यासातून कपाचा व्यास वजा करा, जाडीने गुणा, वर्गमूळ काढा, त्याला ०.८ ने गुणा. १०० गुणिले ०.६ म्हणजे ६०, वर्गमूळ ७.७५, गोलाई ६.२. आमच्या जुन्या डायला ८ होती. ०.८ च्या पत्र्याला ती चालत होती. ०.६ ला मात्र शेवटच्या टप्प्यात पत्रा पॅडखालून सुटून गोलाईवर मोकळा राहायचा आणि तिथंच चुण्या धरायचा. डायचा फेस (सपाट तोंड) उतरवून गोलाई ६ केली. चुण्या कमी झाल्या, पण पत्र्याला वळायला कष्ट थोडे वाढले. पातळ पत्र्यात प्रत्येक गोष्ट अशीच दोन्हीकडून ओढते.

क्लिअरन्स एका बाजूला जाडीपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त, म्हणजे ०.६६ ते ०.६९. जुन्या पंचाला क्लिअरन्स ०.९ चा होता. त्यात ०.६ चा पत्रा ढिल्या पायजम्यासारखा होतो. नवा पंच करावाच लागला. पंचाच्या नाकाची गोलाई जाडीच्या पाचपटीपेक्षा कमी नको. आमची ६ मिमी, म्हणजे दहापट, त्यामुळे काळजी नव्हती. पंचाला हवेचं भोक आहे का ते बघा. नसेल तर कप पंचाला चिकटतो आणि काढताना तळ आत चेपतो.

पॉलिशबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं चांगल्या चांगल्या टूलरूमची गफलत होते. डायचा फेस आणि गोलाई आरशासारखी हवी, आणि शेवटचे हात पत्रा ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने मारलेले हवेत, म्हणजे बाहेरून भोकाकडे. लेथवर फिरवत पेपर लावला की बारीक गोल चरे राहतात. नखाला लागत नाहीत, पण पत्र्याला प्रत्येक चरा म्हणजे गतिरोधक. ऑइल स्टोनने हाताने आडवे-उभे घासून ते मारावे लागतात. पंचाचं नाक मात्र आरशासारखं करू नका. तिथं पत्रा पंचाला चिकटून राहायला हवा, म्हणजे ओढीचा काही भार पंच आपल्या अंगावर घेतो. आम्ही नाकावर २२० नंबरच्या पेपरचा खरखरीतपणा ठेवतो, आणि वरच्या उभ्या अंगाला पॉलिश, म्हणजे कप सुटायला त्रास नको.

पॅड आणि कुशन, खरी लढाई इथंच

सुरुवातीचा दाब किती ठेवायचा? पॅडखाली पत्र्याचं क्षेत्रफळ काढा. आपल्या कव्हरात डायच्या गोलाईबाहेर जवळपास २५,५०० चौरस मिमी येतं. सीआर पत्र्याला दर चौरस मिमीला १.२ ते २.५ न्यूटन धरलं, तर तीन ते साडेसहा टन. तीनपासून सुरू करा आणि अर्ध्या अर्ध्या टनाने चढवा. काठावरच्या चुण्या जिथं जातात तिथंच थांबा. "आणखी थोडा असू दे" म्हणून वर चढवलेला टन नाकावर जातो.

हा दाब देतो कोण, हा त्याहून मोठा प्रश्न. बऱ्याच शॉपमध्ये प्रेसखाली रबर किंवा युरेथेनची कुशन असते. दाबत जाल तशी ती जास्त कडक होते. आता बघा: ब्लँक २३० चा सरकत १७० वर येतो तेव्हा पॅडखालचं क्षेत्रफळ सुरुवातीच्या जवळपास चौथ्या हिश्श्यावर उतरतं. बळ तेवढंच राहिलं तरी दाब चौपट, आणि रबराने बळही दुप्पट केलं असेल तर आठपट. तेलाचा थर पिळून निघतो, घर्षण वाढतं, आणि अर्ध्यावर सुखरूप आलेला कप शेवटी फाटतो. एअर कुशन किंवा नायट्रोजन गॅस स्प्रिंगचं बळ पूर्ण स्ट्रोकभर जवळपास सारखं राहतं. पातळ पत्र्याला रबर सोडून एअर कुशन लावणं ही माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात फळणारी सुधारणा आहे. नव्या स्टीलपेक्षाही.

रबराशिवाय गत्यंतर नसेल तर स्टॉपर लावा. डाय आणि पॅडमध्ये तीन-चार ठिकाणी जाडीपेक्षा किंचित जास्त उंचीचे कडक ठोकळे ठेवले की पॅड त्यांच्यावर टेकतो आणि जादा बळ ठोकळे खातात. उंची ०.६ नाही ठेवायची, कारण सरकताना काठ जाड होतो. आपल्या कव्हराचा काठ ०.६८ च्या आसपास भरतो. ०.६८ ने सुरुवात करा आणि ०.०२ च्या शिमने (पातळ पट्टीने) खेळा.

पॅड समांतर आहे का? डायला निळं (खुणेचा निळा रंग) लावा, पॅड हाताने टेकवा, उचला. निळं सगळीकडे सारखं उठलं पाहिजे. आमच्याकडे हे काम प्रेसवरचे मामा करतात. तीस वर्षं प्रेसवर गेलेला माणूस. कप फाटायच्या आधी त्यांना आवाजातनं कळतं. "मालक, उजवीकडं पत्रा सरकंना झालाय बघा," म्हणत ते प्रेस थांबवतात. एकदा निळं लावून बघितलं तर कुशनची एक पिन बाकीच्यांपेक्षा जेमतेम पाव मिमी उंच निघाली. जाड पत्र्यात पाव मिमी खपून जातं. इथं पत्राच पाऊण मिमी नाही.

तेल कुठं लावायचं, आणि कुठं नाही

पोरगं ब्लँक तेलाच्या ट्रेमध्ये बुडवून दोन्ही बाजू चोपडून देतं, हे दृश्य प्रत्येक शॉपमध्ये दिसेल. बंद करा. डायच्या बाजूला पूर्ण तेल, पॅडच्या बाजूला फक्त काठाच्या रिंगला तेल, आणि पंच जिथं टेकतो तो मधला भाग कोरडा. नाकावर तेल गेलं की पत्रा पंचावरून घसरतो, सगळा ताण एकाच पट्टीत येतो, आणि तळ निघतो. आम्ही १२० मिमीची पत्र्याची चकती मूठ लावून ठेवली आहे. ती ब्लँकच्या मधोमध ठेवायची आणि बाहेरून रोलर फिरवायचा. एका पीसला चार सेकंद जास्त लागतात.

तेल कुठलं, याला एकच उत्तर नाही. सीआर पत्र्याला घट्ट ड्रॉइंग ऑइल किंवा साबण असलेलं कंपाउंड चालतं. पुढे पेंट असेल तर धुऊन निघणारंच घ्या. कडक उन्हाळ्यात तेच तेल पाण्यासारखं पातळ होतं, तेव्हा एक ग्रेड घट्ट वापरा. आणि पॉवर प्रेसचा वेग बघा: पत्र्याला टेकताना पंचाचा वेग सीआरसाठी मिनिटाला पंधरा-अठरा मीटरच्या वर नको.

धातू बदलला तर

स्टेनलेस ३०४ डायला चिकटतो आणि ओरखडे पाडतो. ॲल्युमिनियम ब्राँझची रिंग किंवा नीट कोटिंग केलेली डाय, हळू प्रेस, आणि डायच्या बाजूला पॉलिथिन फिल्म हे जमून येतं. ३०४ ओढताना कडक होत जातो. काठ ८० ते १०० अंशांवर गरम आणि पंच थंड ठेवला तर तो बराच जास्त खोल जातो. खोल ओढलेले कप लगेच पाठवू नका, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तोंडाला उभी चीर पडू शकते.

पितळेचं दुखणं वेगळं. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकायची. ओढताना आत राहिलेला ताण आणि जनावरांच्या मुताचा अमोनिया, दोघं मिळून. ओढलेलं पितळ २५० ते ३०० अंशांवर तासभर तापवून ताण काढा, गोठ्यात लावायच्या वस्तूचं तर नक्कीच. ॲल्युमिनियमची आर कमी, म्हणून पहिला ड्रॉ १.७ च्या आतच ठेवलेला बरा.

ट्रायल

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी पॅड, मग तेल, मग स्टॉपर, शेवटी डायला हात. रोज संध्याकाळी टूल उतरवून काहीतरी घासणाऱ्या माणसाला आठवड्यानंतर कशाने फरक पडला ते सांगता येत नाही.

सगळं करूनही जमलं नाही तर दोन ड्रॉ करा. पहिला कप १४५ चा, प्रमाण १.५९. दुसरा १३० चा, प्रमाण १.१२. टूल आणि मजुरी वाढते, पण हे पार्टीला आधीच आकड्यांसह दाखवा. आमच्या पार्टीने तो खर्च बघून ०.७ चा पत्रा मान्य केला होता. ०.६ त्यांनी पुढच्या वर्षी परत काढला, तोवर एअर कुशन आलं होतं.

ट्रायल पास झाली की एक चांगला कप हॅकसॉने मधोमध कापा, रोलिंगच्या दिशेने एक आणि ४५ अंशांत एक. टोकदार मायक्रोमीटरने तळ, नाक, भिंत आणि काठ मोजा. आमच्या पास झालेल्या कपाचे आकडे: तळ ०.६०, नाक ०.५१, भिंत ०.५६, काठ ०.६८. तो अर्धा कप पांढऱ्या पेंटने आकडे लिहून प्रेसच्या खांबाला टांगला आहे. नवीन कॉइल लागली की पहिला कप कापायचा आणि नाक मोजायचं. ०.५० पर्यंत आला तर चालू द्या. ०.४८ च्या खाली गेला तर कप फाटलेला नसला तरी मामा प्रेस बंद करतात.